मंदाताईंची ‘झुळूक’

मंदाताईंच्या अश्विनीचा फोन आला तेव्हा मी कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या गेटपाशी भाजी घेत होते. “मावशी, आई गेली… दुपारी जेवून आडवी झाली होती, चहाला उठवायला गेले तर…” पुढचं तिला बोलता येईना. हातातली मेथीची जुडी गाडीवर तशीच ठेवून मी रिक्षात बसले. तळवलीला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मनात एकच येत होतं, की मंदाताईंना शोभेल असंच झालं. आजारपण नाही, कुणाला त्रास नाही. आदल्याच दिवशी त्या कारखान्यात येऊन सगळ्यांशी मनसोक्त भांडून गेल्या होत्या. आता काही आठवडे उलटलेत. रडून झालंय, आणि त्यांच्या आठवणी काढायला बसलं की हसूच जास्त येतं.

मंदाताई पाटील म्हणजे ‘झुळूक’ जिरा सोडा. आमच्या भागातल्या गावांमधून ज्यांनी हळदीची जेवणं झोडलीत त्यांना वेगळं सांगायला नको. सासरची भातशेती सरकारी भूसंपादनात गेल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत सोड्याचं मशीन बसवलं, नवऱ्याच्या टेम्पोतून बाटल्या पोचवायला सुरुवात केली, आणि पुढे तुर्भ्याला छोटा कारखाना टाकला. ऑर्डरी घ्यायला मी त्यांच्याकडे लागले ती तिथेच. माझे वडील मराठवाड्यातून आलेले, आमची बौद्ध वस्ती, आणि मी नुकती बी.कॉम. झालेली. लागल्यावर थोड्याच दिवसांत जयंती आली. मी सुट्टी मागितली, ताई ‘जा’ म्हणाल्या, एवढंच. मिरवणूक वस्तीत शिरली तेव्हा कोपऱ्यावर आमचा टेम्पो उभा, आणि ताई पदर खोचून स्वतः ग्लास भरताहेत! “संगीता, बघत काय रायलीस? आईला बोलव तुज्या, पयला ग्लास तिला.” त्या वर्षापासून आमच्या वस्तीत दुसरा सोडा आला नाही. कुणी ठरवलं नव्हतं. बस, आला नाही.

जाहिरात हा शब्द त्या काळात आमच्याकडे कुणी वापरतच नव्हतं. हळदीची ऑर्डर असली की ताई जेवणाच्या पंगतीआधी मांडवात हजर. नवरीच्या आईला बाजूला घेऊन सांगायच्या, “बाटल्या उरल्या तं परत घेईन, पन कमी परल्या तं मना फोन कर, कुठून पन आनून देईन.” गावातल्या क्रिकेटच्या मॅचना हरलेल्या टीमला सोडा फुकट. जिंकलेल्यांना काय, कोणीही पाजतं, हे त्यांचं म्हणणं. लोक दुकानात जाऊन जिरा सोडा मागत नसत, ‘मंदाताईची’ मागत.

मग खारघर वाढलं, कॉलेजं आली, मॉल आले. आपणही मोठं व्हावं असं आम्हा सगळ्यांनाच वाटू लागलं, अश्विनीला सर्वांत जास्त. वाशीतली एक जाहिरात एजन्सी नेमली. तिथून येणारा निखिल नावाचा मुलगा हुशार होता, मनानंही चांगला. नवं चकचकीत लेबल झालं, ठाणे-बेलापूर रोडला मालिकेतल्या नटीचं होर्डिंग लागलं, आणि झाकणाखाली बक्षिसं आली… मोबाईल, हेडफोन, कुणाला स्कूटर. त्या उन्हाळ्यात आम्ही वेडे व्हायचे बाकी होतो. खारघरची पोरं क्रेटच्या क्रेट उचलत होती. एकदा कॉलेजबाहेर मी स्वतः पाहिलं, एकानं झाकण उघडलं, आत डोकावला, आणि भरलेली बाटली तशीच कट्ट्यावर ठेवून निघून गेला. मला ते खटकलं, पण मागणी एवढी होती की विचार करायला सवड कुणाला?

मागणी पुरवायची म्हणून जिरं भाजून दळायचं सोडून तयार फ्लेवर आला. कॉलेजच्या पोरांना गोड लागतं म्हणून साखर वाढली. माल आधी मॉलला, मग उरलाच तर गावातल्या हळदीला. मांडवात जायला ताईंना वेळ मिळेना. योजना संपली आणि बक्षिसासाठी आलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपनीच्या झाकणांमागे गेली. तोवर जुनी माणसंही आमच्या हातून निसटली होती.

आम्हाला ते कळलं तळवलीतच, ताईंच्या चुलत जावेच्या घरी, हळदीला. जाऊबाईंनी ग्लास तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. “मंदा, राग मानू नको… पन ही आता आमची नाय रायली.” तोच ग्लास उचलून ताईंनी स्वतः संपवला.

दुसऱ्या दिवशी निखिलनं नव्या योजनेचं सादरीकरण आणलं होतं. बक्षिसं दुप्पट. ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. “निखिल, तू तुजा काम बरोबर केलास. मी बोलावला, तेवढी मानसं तू आनलीस. पन ती बक्षिसाला आलती बाला. आपल्या सोड्याला कोनीच आलता नाय.”

“आई, मग आता बंद करायचं का?” अश्विनीचा आवाज चढला होता.

“बंद कशाला? जिरा भाजाला घेऊ.”

होर्डिंग उतरलं, चव परत आणली, आणि उतारवयात ताई पुन्हा दारोदार फिरल्या. मी सोबत. सगळं सुरळीत झालं असं नाही. कोपरखैरण्याच्या एका दुकानदारानं सरळ सांगितलं, “ताई, दोन वर्षं मी माल मागत होतो तेव्हा तुम्हाला मॉल दिसत होते. आता माझ्या फ्रिजमधे दुसऱ्याचा माल आहे.” माझं तोंड उतरलं. ताई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “मग ती तरी पाज. ऊन किती हाय!” त्यानं दिली. अर्धी पिऊन ताईंनी मान डोलवली, “बरी हाय रे ही.” तो हसायलाच लागला. वर्षभरानं त्याचाच फोन आला, दोन क्रेट पाठवा म्हणून.

काही माणसं कधीच परतली नाहीत. खारघर तर गेलंच. कारखाना पूर्वीपेक्षा लहान झाला, आणि गंमत म्हणजे शेवटची ती वर्षं ताई सर्वांत खुशीत होत्या. पुन्हा मांडवात जाऊ लागल्या, नवरीच्या आयांशी गप्पा मारू लागल्या. अंत्ययात्रेला निखिल आला होता. दुसऱ्या नोकरीत गेला होता, तरी आला. “त्या दिवशी योजना नाकारली तेव्हा एजन्सी मला नोकरीवरून काढेल असं वाटलं होतं,” तो म्हणाला. “ताईंनी मला जेवायला बसवलं.”

परवा तुर्भ्याच्या कारखान्यात गेले होते. नवा घाणा तयार झाला की पहिला ग्लास ताई स्वतः चाखायच्या, तोही कधी गार करून नाही. खोलीत राहिलेला, कोमट. गार केलं की चूक लपते, असं त्या म्हणायच्या. मी पोचले तेव्हा अश्विनी खिडकीपाशी उभी होती, हातात तसाच कोमट ग्लास. एक घोट घेतला, डोळे मिटले, तोंड थोडं वाकडं केलं. शेजारी फ्रिज होता, आणि बाहेर टेम्पो भरायला माणसं खोळंबली होती.

“सैंधव कमी हाय,” ती म्हणाली. कधी नव्हे ते थेट आईच्या बोलीत. “थांबवा. परत करा.”

बाहेरच्या माणसांनी कुरकुरत रिकाम्या टेम्पोचं मागचं फळकं लावलं. मी खुर्ची ओढून बसले, घाई नव्हती.