न बोलावता आलेल्या पोरी

कुमुदबाई गेल्याचं मला मी शिकवते त्या शाळेच्या पायऱ्यांवर कळलं. सांगणाऱ्या सहकारी शिक्षकांनी लगेच पुस्ती जोडली, सुरतेतल्या मराठी मुलींना बाईंनी घडवलं, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, चार शब्द लिहा. त्याला महिना झाला. लिहितेय, पण गोडवे गायला बाकीचे आहेत. मला बाईंचा राग आहे... अजूनही.

बाई आम्हाला इतिहास शिकवायच्या आणि शाळेतल्या गाइड मुलींच्या कॅप्टन होत्या. सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला, मुलींचं स्काउटिंग मुळात सुरू कसं झालं हे शोधायला त्या विलायतेला गेल्या. परत आल्यावर सगळ्या शाळेला पटांगणात बसवून त्यांनी प्रवास सांगितला. सांगायच्या छान, हे नाकारत नाही. तिथल्या एका गावात त्यांना एक म्हातारी भेटली होती. लहानपणी ती आणि तिच्या मैत्रिणी भावांच्या टोप्या घालून, हातात काठ्या घेऊन मुलांच्या स्काउट मेळाव्यात घुसल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही कोण, असं विचारल्यावर आम्हीही स्काउटच, म्हणाल्या आणि हलल्या नाहीत. बाई इथे आवाज खाली आणून थांबल्या... सगळं पटांगण गप्प. स्काउट एकमेकांशी डाव्या हाताने हात मिळवतात, तो विश्वासाचा हात, हेही त्यांनीच सांगितलं.

माझी धाकटी बहीण मंगल त्या रात्री झोपली नाही. आम्ही बौद्ध, वडील बमरोलीच्या मिलमध्ये. बाईंच्या पथकात आमच्या वस्तीतली एकही मुलगी नव्हती, आणि मंगलला त्यात जायचंच होतं. आईने मिलमधल्या डागी निळ्या कापडाचे झगे शिवून दिले. शनिवारी पथक जमलं तेव्हा वस्तीतल्या आम्ही पाचजणी जाऊन रांगेच्या टोकाला उभ्या राहिलो.

बाईंनी आधी झग्यांच्या रंगात चूक काढली. मग वस्ती विचारली. मंगलने उत्तर दिलं आणि डावा हात पुढे केला. घरी मला समोर उभं करून तिने त्याचा सराव केला होता. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

मंगल म्हणाली, "बाई, त्यांनापण कुणी बोलावलं नव्हतं."

"त्या पोरी वेगळ्या घरच्या होत्या," बाई म्हणाल्या आणि शिपायाला हाक मारली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय? घरी आई आमच्यावरच करवादली, "कशाले गेल्या व्हत्या तठे?" पुढच्या वर्षी मंगलने शाळा सोडली. बाईंना मात्र पुढे शाली मिळाल्या, नारळ मिळाले. शोकसभेत म्हणे कुणीतरी त्यांना मुलींची माउली म्हणालं. मी गेले नव्हते, ते बरंच झालं.

बाई गेल्याचं सांगायला मी चलथाणला मंगलकडे गेले. तिचा नवरा साखर कारखान्यात आहे. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, रविवार आहे, पोरींना घेऊन बसली असेल. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत ऊसतोड्यांच्या वीस-पंचवीस मुली बसल्या होत्या. गणवेश नाही, शिट्टी नाही, पथकाला नावसुद्धा नाही. दोरीच्या गाठी शिकवून झाल्या होत्या आणि मंगल गोष्ट सांगत होती. तीच, टोप्यांची आणि काठ्यांची. बाईंसारखीच ती मध्येच थांबायची, आवाज तसाच खाली आणायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला बाजूला घेऊन मी बाई गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, त्या बाईची गोष्ट तुला या पोरींना सांगवते तरी कशी?

मंगलने हातातली दोरी गुंडाळली. मग म्हणाली, "आक्का, गोष्ट बाईंची कुठे होती? त्या पोरींची होती."

ती परत जाऊन बसली. मी मागे उभी राहिले, राग तसाच घेऊन. पुढच्या ओळीतली एक मुलगी केव्हाची हात वर करून होती. तिने विचारलं, "मंग घेतलं का त्यास्ले मधी?"

"घ्यावंच लागलं," मंगल म्हणाली.