बेंबी बसवणारीचा मुलगा

आमच्या मंचरच्या दवाखान्यात सुदर्शनइतका दमलेला माणूस दुसरा नाही. मी कॅज्युअल्टीची सिस्टर, तेव्हा दमणं काय असतं ते मलाही कळतं. पण मी निदान कुरकुर तरी करते. हा तेही करत नाही. सीटी स्कॅनच्या काचेमागे बसतो आणि माइकवर दिवसभर तेच बोलतो, "श्वास घ्या, धरून ठेवा. सोडा आता." एकदा चहा पिताना मला ठसका लागला, तर ह्याच्या तोंडून आपसूक निघालं, "श्वास धरा, आरतीताई." मी म्हटलं, मेल्या, मी माणूस आहे, पेशंट नाही.

कारखाना सुरू झाला की आमच्याकडे रीघ लागते. उसाच्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पोरं गाड्या हाणतात वाऱ्यासारख्या. हात मोडला, डोकं फुटलं तर लोक धावत येतात. पोटाला लागलं आणि रक्त दिसलं नाही, की मात्र "मुका मार हाय, हळद पाजा" म्हणून घरी निजवतात. आत लिव्हर फाटलंय की पाणथरी, म्हणजे स्प्लीन, हे वरून कुठं कळतं? ते सुदर्शनच्या पडद्यावर कळतं. त्याला ते दिसतं, पण बोलायची सोय नाही, रिपोर्ट डॉक्टरांचा. नातेवाईक दारात उभे असतात, "भाऊ, काय दिसलं?" हा म्हणतो, "डॉक्टर सांगतील." सगळं पाहून गप्प बसायचं, त्यानेच हा माणूस थकलाय असं माझं मत आहे.

त्याची आई साळुबाई निरगुडसरला असते. बेंबी बसवणारी म्हणून आसपासच्या गावांत तिचं नाव. पोट दुखलं, जुलाब लागले, जड काही उचललं, की लोक म्हणतात बेंबी सरकली, चला साळुबाईकडे. ती उताणं निजवते, बेंबीवर छोटा दिवा लावून वर तांब्या उपडा घालते. तांब्या पोटाला चिकटला की सगळे माना डोलावतात. मग तेलाच्या हाताने पोट चोळून, दाबून ती बेंबी जागेवर आणते. कुणाकडून कधी सुपारीसुद्धा घेतली नाही. सुदर्शन संध्याकाळी घरी जायचा तेव्हा ओट्यावर कुणीतरी उताणं पडलेलं असायचंच. हा पाय धुऊन आत जायचा. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "ताई, गॅसनं फुगलेली पोटं असत्यात ती. तिलाबी बरं वाटतं, त्यांनाबी. दिवसभर हितं, आन् घरी जाऊन पुन्हा वाद कुठं घालू?"

मग एका दुपारी पारगावचा अमृत आला. मोठा भाऊ कुंडलिक त्याला रिक्षातून घेऊन आला होता. आदल्या संध्याकाळी उभ्या ट्रॉलीला मोटरसायकल धडकून हँडल त्याच्या पोटात बसलं होतं. अंगावर म्हणावा असा ओरखडा नाही, पण पोरगा पांढराफटक, घामाने थबथबलेला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पोटात रक्त. सलाइन आणि रक्त चढवल्यावर बीपी जरा सावरलं, तसा आम्ही त्याला सीटीला घेतला.

स्कॅनमध्ये रक्त उठून दिसावं म्हणून शिरेतून डाय सोडलं. सुदर्शन माइकवर म्हणाला, "श्वास घ्या, धरून ठेवा." अमृतला धरवेना. पडद्यावर डाव्या बरगड्यांखाली पाणथरीला आरपार भेग होती आणि भोवती रक्त साचलेलं. डॉक्टर दारातल्या कुंडलिककडे वळून म्हणाले, "काल लागलं ना? मग आजपर्यंत काय केलंत?"

"सकाळी चालत व्हता की साहेब," कुंडलिक म्हणाला. "पोट लई दुखाया लागलं म्हनून निरगुडसरला नेला. साळुबाईनं बेंबी बसवली. चांगला जोर लावून दाबलं म्हातारीनं, लई गुणाचा हात हाय तिचा. पर घरी आणला आन् घेरी येऊन पडला."

सुदर्शन खुर्चीतून उठला. "साहेब," तो म्हणाला, "ती माझी आई."

डॉक्टर म्हणाले, "ते नंतर. आधी थिएटर तयार करा."

पाणथरी काढावी लागली. ऑपरेशन संपेपर्यंत सुदर्शन बाहेरच्या बाकावर बसून होता, ड्युटी संपली तरी. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, पोरगा वाचेल. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "फाटली ती हँडलनेच. दाबल्याने भेग वाढली असेल, नसेलही. छातीठोक कुणालाच सांगता यायचं नाही." दुसरा असता तर 'नसेल' एवढंच ऐकून घरी गेला असता. ह्याने 'असेल' ऐकलं.

माझं घर त्याच्या गावाच्याच वाटेवर पुढे, म्हणून मी त्याच्याच गाडीवरून जाते. निरगुडसरला त्याने गाडी आत वळवली. "ताई, जरा चला. एकट्यानं न्हाई व्हायचं."

साळुबाई ओट्यावरच होती. आम्हाला बघून खुलली. "सुदर्शन, पारगावचं पोरगं आलं व्हतं सकाळी. बेंबी लई खोल गेली व्हती रं. दाबून दाबून हात भरून आलं माजं. बरं हाय का त्याला, काय कळलं का?"

मी त्याच्या जागी असते तर ओरडले असते. तो तिच्या शेजारी बसला आणि पडद्यावर जे दिसलं ते त्याने सगळं सांगितलं. भेग कुठे होती, रक्त कुठे होतं, डॉक्टर काय म्हणाले. पडद्यावरचं कुणाला असं उघड सांगताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"जगंल का?"

"जगंल."

"कुठं असती ती पाणथरी?"

त्याने तिचा हात धरून तिच्याच डाव्या बरगड्यांखाली ठेवला. तिने बोटांनी चाचपून पाहिलं आणि हात झटकन काढून पदराखाली घेतला. "हितंच दाबलं मी," ती म्हणाली. मला तिचा राग आला होता, तो तिथेच गेला.

मग तिने सुदर्शनकडे पाहिलं.

"लोकांच्या पोटातलं तुला समदं दिसत व्हतं," ती म्हणाली, "अन् रोज ह्याच ओट्यावरनं तू आत जात व्हतास. मग मला येकदा तरी का न्हाई बोललास रं?"