आरशातल्या चार जणी

गाडीच्या आरशात पांढरा सनकोट दिसला की अजून मी गाडी बाजूला घेऊन मागचीचं तोंड बघून घेते. नाती हसतात. हसू देत. त्या दिवशी त्या माझ्या मागं नव्हत्या.

दहा-बारा वर्षं झाली. अर्धापूरला नणंदेच्या घरी बारसं होतं. नांदेडहून गल्लीतल्या तिघी, मी आणि धाकटी जाऊ, अशा पाच जणी पाच स्कूटींवर निघालो. जावेला गाडी शिकून महिनाही झाला नव्हता. ती ऑटोनं येते म्हणत होती, मीच भरीला घातलं. दिरांना म्हटलं, माझ्या भरवशावर सोडा. तेव्हा मी स्वतःला ट्रॅफिक पोलिसाची थोरली बहीण समजायचे. नियम सगळे माझे: मी पुढं, नवशिकी सगळ्यात शेवटी, आणि चालवताना बोलायला नको म्हणून सगळ्यांचे मोबाईल माझ्या डिक्कीत, कुलपात. केवढी हुशार बाई.

ऊन असं की पाचही जणी पांढरे सनकोट, पांढरे स्कार्फ आणि काळे गॉगल लावून दरोड्याला निघाल्यासारख्या. मी आरशात बघून मोजत होते. पुलावर चार. केळीचा ट्रक अगदी अंगाला घासून गेला, जीव मुठीत धरून पुन्हा पाहिलं, चार. मी मनातच स्वतःची पाठ थोपटली.

अर्धापूरच्या अलीकडं रसवंतीपाशी थांबलो. सगळ्यांनी स्कार्फ सोडले, तर चौथी कुणी कॉलेजातली पोरगी निघाली. ट्रकांची भीती वाटत होती, म्हणून सोबतीला आमच्या मागं लागली होती बिचारी.

जाऊ नव्हती.

फोन लावायला डिक्की उघडली, तेव्हा कळलं की तिचा फोनही त्यातच. त्यावर दिरांचे दोन कॉल येऊन गेलेले. उलट फोन करायची माझी छाती झाली नाही.

बाकीच्यांना तिथंच थांबवून मी मागं फिरले. परक्या पोरीला जाऊ समजून कुठून मोजत होते, तेच ठाऊक नव्हतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या टायरांकडं बघत होते. दिरांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते, एकही पुरं होत नव्हतं. मग केळीच्या एका वखारीपुढं माणसांचा घोळका दिसला. घोळक्यात, जमिनीवर, पांढरा सनकोट. मी गाडी स्टँडला लावलीच नाही. ती मागं धाडकन पडली, एवढं आठवतं.

सनकोट अंथरून जाऊ त्यावर बसली होती. तिची गाडी बंद पडलेली, हमाल प्लग पुसत होते. हॉर्न वाजवून, हाका मारून घसा बसला होता तिचा. फोन जवळ नाही, एक नंबर पाठ नाही. कुणीतरी दिलेलं केळ हातात तसंच होतं, न सोललेलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही तर मोजून राहिल्या होत्या ना?"

मी तिचं डोकं, कोपरं, गुडघे चाचपत राहिले, बाजारात कोबी बघावी तसे.

गाडी सुरू झाल्यावर तिनं आधी आपला फोन मागून घेतला. मग मला पुढं घातलं आणि स्कार्फ काही बांधू दिला नाही. म्हणाली, आरशात तोंड दिसू द्या. बारशाच्या फोटोत सगळ्या जणी उजळ आणि मी भरताच्या वांग्यासारखी भाजलेली. तो फोटो तिनं फ्रेम करून बैठकीत लावलाय, येणाऱ्याला पहिला दिसेल असा.