ऑक्सिजनच्या पेटीत तेल चालत नाही

स्कुटीवरून पडले, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं. दुखणं मात्र गेलं नाही. पंख्याचा वारा लागला तरी हाताची आग व्हायची. एक्स-रे चांगला, सूज नाही, म्हणजे बाई नाटक करते, असा घरात निकाल लागला. डॉक्टर म्हणाले, नस बिघडलीय. आता नस कुणाला दिसते?

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर देवगाव रंगारीचं, हात शेतात कमावलेले. रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून वाटी घेऊन बसायच्या आणि माझा हात रगडायच्या. मी दात आवळून बसायचे. दुखतं म्हटलं की म्हणायच्या, दुखल्याबिगर मोकळं होत नाय. नवरा म्हणायचा, आई मायेनं करतेय, तुला काय होतं? काय होतं! आठ महिने मी त्या मायेखाली जळत होते.

शेवटी डॉक्टरांनी दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपाय सुचवला, म्हणजे रोज एका बंद पेटीत पडून तो श्वासात घ्यायचा. खात्री देत नाही, असंही सांगितलं. म्हटलं, खात्री मागितलीय कुणी? शाळेत रजा टाकली आणि गेले. पहिल्याच दिवशी तिथल्या टेक्निशियन बाईंनी हाताशी वाकून वास घेतला आणि मला परत पाठवलं. निघताना आत्यांनी घाईघाईत तेल चोळलंच होतं. त्या पारदर्शक पेटीत नुसता ऑक्सिजन, तिथं तेल म्हणजे आगीला आवतण. बाईंनी छापील कागद हातात दिला: सुती कपडे, दागिने नाही, तेल नाही.

घरी येऊन कागद वाचून दाखवला. आत्यांनी त्याच मिनिटाला वाटी फळीवर ठेवली. दवाखान्याचं म्हणणं हाय तर नको बाई, म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण असला राग आला! आठ महिने मी सांगत होते ते कुणाच्या कानात शिरलं नाही, आणि एका चिठोऱ्याला अख्खं घर घाबरलं.

मग महिनाभर रोज पेटी. कानाला दडे बसायचे, आवंढे गिळत पडून राहायचं. निदान तिथं हात कुणी धरत नव्हतं. महिना संपला तेव्हा वारा सोसायला लागला होता, खडू धरता येत होता. बाकी दुखणं होतं तिथंच.

त्याच संध्याकाळी आत्या वाटी घेऊन हजर.

"झालं ना तुझं ते? आण हात."

नवरा समोर चहा पीत होता. डॉक्टर अजून महिनाभर तेल नको म्हणालेत, अशी थाप मारता आली असती. जिभेवर आलीही होती. गिळली.

"नाय आत्या. दुखतं."

"डॉक्टर म्हणले का?"

"मी म्हणते."

नवऱ्यानं तोंड उघडलं, तर आत्यांनीच हात करून त्याला गप्प केलं. वाटी खाली ठेवली. मग भिंतीला टेकून बसल्या, लुगडं वर सारलं आणि ते तेल स्वतःच्या गुडघ्यांना लावायला लागल्या. अगदी हलक्या हातानं, दुखू नये असं.