चौदा सुतांची पिन

आधी वाचणाऱ्यांनाच दोन शब्द. तुम्ही विसरलेले आहात. काय विसरलात ते मला विचारू नका. ते ध्यानात असतं तर विसरला असता कशाला? न्हावऱ्यापासून दौंडापर्यंत ज्यांच्या कडबाकुट्टीचा, ट्रॅक्टरचा नाहीतर पाण्याच्या मोटारीचा एखादा तरी भाग रंगनाथ आप्पांनी आपल्या लोखंड कातायच्या लेथवर घडवून दिला, त्यांनी हे पान मिटून आधी गोठ्यात जाऊन बघून यावं. तो भाग अजून फिरतोय. आप्पांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत, याची आठवण मात्र तुम्हाला या गौरवग्रंथाच्या संपादकांनी करून द्यावी लागली. असो. आप्पांना सगळ्यांत जुनी ओळखणारी म्हणून लेख माझ्याकडं मागितला. मी अक्षर शिकले नाही. मी सांगते, नातसून लिहून घेते. चांगलं उतरलं तर माझं, चुकलं तर तिचं.

आप्पांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली. न्हावऱ्याच्या आमच्या मळ्यात तेव्हा विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन होतं. कांदा नुकताच लावलेला, आणि इंजिनाची झडप उचलणाऱ्या दांड्याची पिन झिजून तुटली. मालक तापानं पडलेले. कुणीतरी सांगितलं, दौंडला रंगनाथ मिस्त्री आहेत. कुरकुंभच्या कारखान्यात टर्नर आहेत, आणि शिफ्ट सुटली की घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या लेथवर काम करतात. मी दुकानातून फोन लावला.

“पिन किती सुताची हाय?” त्यांनी विचारलं.

लोखंडाचं काम करणारे इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा आमच्या घरात सूत म्हणजे वाकळ शिवायचा दोरा. मी घरी गेले, पिनेच्या तोंडावर दोऱ्याला दोरा लावून मोजलं आणि परत फोन केला. “चौदा सूत.”

“चौदा? वैनी, इंजिन केवढं हाय तुमचं?”

“लई मोठं हाय. चालू झालं की गावात ऐकू येतं.”

“मग बरुबर,” आप्पा म्हणाले.

लांबी मी वितीनं सांगितली आणि ती बरोबर निघाली, हे पुढं कुणी सांगत नाही. आप्पा स्वतः पिन घेऊन एसटीनं आले. फडकं सोडलं तर पिन माझ्या मनगटाएवढी जाड, आणि इंजिनाचं भोक करंगळी जाईल एवढं. त्यांनी एकदा पिनेकडं बघितलं, एकदा भोकाकडं, मग माझ्याकडं.

“वैनी, कुठलं सूत लावलं?”

मी वाकळेच्या दोऱ्याचा गुंडा पुढं केला.

दुसरा माणूस असता तर ओरडला असता. आप्पा बांधावर बसले आणि इतके हसले की तापातले मालक घोंगडी पांघरून बाहेर आले. डोळे पुसून आप्पा म्हणाले, “चूक माझी. कुठलं सूत ते मी सांगायला पायजे हुतं.”

“व्हय, तुमचीच,” मी म्हटलं. आजही माझं मत तेच आहे.

माप घेऊन ते आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी खरी पिन बसली, कांद्याला पाणी मिळालं. जाताना ती जाड पिन त्यांनी पुन्हा फडक्यात बांधली, तेव्हा मालकांनी विचारलं, “आता ही भंगारात का?”

“भंगारात कशापायी? पिनेत खोट न्हाई. इंजिनच बारकं हाय. हिच्या मापाचं इंजिन बांधीन म्हंतो.”

सगळे हसले. ती गोष्ट नंतर तुमच्याही कानावर आली आणि तुम्हीही हसलात. हेही तुम्ही विसरला असाल.

आप्पा विसरले नाहीत. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पिन कपाटातून काढली, तेलानं पुसली आणि काम सुरू केलं. इंजिन जुन्या पद्धतीचं: एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना कमरेएवढी चाकं, वर पाण्याचा हौद, आणि आतली क्रँक, म्हणजे चाकं फिरवणारा वाकडा दांडा, उघड्यावर फिरताना दिसणारी. इंजिनाचा सगळा जोर क्रँकच्या पिनेवर येतो. ती पिन म्हणजे हीच, चौदा सुतांची. बाकी सगळं इंजिन तिच्या मापानं. त्याचा एकही भाग दुकानात मिळत नाही, कारण असलं दुसरं इंजिनच कुठं नाही. चाकांचे लाकडी साचे आप्पांनी हातानं कोरले. चाकं ओतून आली तर ती लेथवर मावेनात. मग आप्पांनी लेथचं डोकं खाली ठोकळे देऊन उचललं. जुन्या इंजिनांना चौकोनी डोक्याचे बोल्ट असत, म्हणून यांनी प्रत्येक बोल्टाचं डोकं कानशीनं घासून चौकोनी केलं.

मी म्हटलं, “आप्पा, सहाकोनी लावले तर कोण बघणार हाय?”

“मी बघणार न्हाई का?”

बेअरिंग बसवायची त्यांची रीतही सांगते. शाफ्टला निळा रंग लावायचा, तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, आत जिथं निळं उठेल तिथं हातानं खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. असे किती दिवस गेले ते आप्पांच्या पत्नी सरूबाईंना विचारा. आप्पांच्या मिशा निळ्या झालेल्या बघून त्या म्हणायच्या, “आली का आज बी रंगपंचमी?”

त्यांच्या सचोटीचा एक प्रसंग मी डोळ्यांनी बघितला आहे. जुनी इंजिनं गोळा करणारी काही हौशी मंडळी गाडी घेऊन शेडमध्ये आली. काम बघून खूश झाली. म्हणाली, “याला एखाद्या जुन्या कंपनीच्या नावाची पितळी पाटी लावू. अस्सल म्हणून प्रदर्शनात ठेवू.”

“अस्सलच हाय की. मी केलंय,” आप्पा म्हणाले.

“तसं नाही हो. जुनं अस्सल.”

“जुनं व्हायला येळ लागतो. तवर थांबा.”

मंडळी चहा पिऊन गेली. नंतर आप्पांनी पाटी लावली, पण तिच्यावर अक्षर एकही नाही. पंच मारून नुसते ठिपके काढलेत. मी बोट फिरवून मोजले. चौदा. उभ्या जन्मात ही एक पाटी मला वाचता आली.

आणि त्यांची माया? आमचे मालक गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. रडणारे होते, व्यवस्था बघणारे होते. वीज गेलेली, मोटार बंद, आणि गोठ्यात जनावरं तहानेनं ओरडत होती. ते कुणाच्या कानावर जात नव्हतं. आप्पा दौंडाहून आले, माझ्याजवळ घटकाभर बसले आणि उठून विहिरीकडं गेले. तिथं ते जुनं इंजिन कोपऱ्यात पडून होतं. थोड्या वेळानं पुक्‌ पुक्‌ आवाज आला. जनावरं पाणी प्यायली, कांदाही भिजला. मी ओसरीवर बसून तो आवाज ऐकत होते. मालकच विहिरीवर आहेत असं घटकाभर वाटलं. आप्पांनी ते मुद्दाम केलं की जनावरांसाठी केलं, हे मी कधी विचारलं नाही.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. आप्पांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, उजव्या हाताची पकड गेली. इंजिनाची नुसती क्रँक राहिली होती. त्यांचे चिरंजीव सुनीलभाऊ पुण्याला नोकरीला असतात. मुलगा वाईट नाही, घाबरलेला होता. म्हणाला, “आप्पा, फिरत्या लेथमंदी हात गेला म्हंजी? आता बास. शेड आवरू. तुम्ही दोघं फ्लॅटवर चला.”

आप्पा म्हणाले, “पंच्याहत्तरीपतूर मुदत दे. माझ्या हातानं हँडल मारून इंजिन चालू झालं तर मी हितंच ऱ्हाणार. न्हाई झालं तर तू म्हणशील तिथं येतो, आन् लेथ कुणालाबी दे.”

सुनीलभाऊ कबूल झाले, पण त्यांनीही अट घातली: उजव्या हातानं पाण्यानं भरलेला तांब्या उचलून दाखवल्याशिवाय लेथ चालू करायचा नाही.

मी भेटायला गेले तर आप्पा उजवा हात मांडीवर घेऊन बसलेले, कुणी दुसऱ्याचं गाठोडं सांभाळायला दिल्यासारखा.

“हात काय म्हंतोय?”

“ऐकत न्हाई, वैनी.”

“बिनकामाचा बसवलाय म्हणून. त्याला काम लावा.”

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो कोपऱ्यात पडलेला. आप्पा म्हणाले, “चेंडू दाबून तयार काय व्हतंय?” ज्यातून काही तयार होत नाही ते काम या माणसाच्या हाताला ठाऊकच नाही. मी सरूबाईंकडून परात आणि बाजरीचं पीठ मागून घेतलं.

“वैनी, पंच्याहत्तरीला आलो मी. आता भाकरी थापू?”

“इंजिन बांधता येतंय, भाकरी येत न्हाई म्हंता? मळा!”

बाजरीचं पीठ तळहातानं रगडून मळावं लागतं, नाहीतर थापताना भाकरी फुटते. आप्पांच्या पहिल्या भाकऱ्या परातीतून उचलतानाच तुटल्या. नंतरच्या तव्यापर्यंत पोचल्या, पण कुठल्या आकाराच्या ते विचारू नका. सरूबाई म्हणाल्या, “कुत्रं बी वास घिऊन माघारी गेलं.” आप्पा सकाळ-संध्याकाळ परात पुढं ओढायचे, ओठ मिटायचे आणि रगडायचे. डावा हात मदतीला आला की मी त्यावर चापट मारायची. माझ्या घरचे मला न्यायला आले, त्यांना मी परत पाठवलं.

भाकरी हळूहळू गोल व्हायला लागली. एके दिवशी बघते तर आप्पांनी जाडी मोजायचा कॅलिपर आणून भाकरीला लावलेला.

“काठ सूतभर जाड हाय,” ते म्हणाले.

“कुठलं सूत?” मी विचारलं.

झटका आल्यापासून आप्पा पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

पुढच्या सुट्टीला सुनीलभाऊ आले, तेव्हा आप्पांनी काठोकाठ भरलेला तांब्या उजव्या हातानं उचलला आणि मुलाच्याच पेल्यात ओतला. पाणी जरा सांडलं. सुनीलभाऊंनी लेथचं बटण स्वतः दाबून दिलं, पण कामभर ते शेजारून हलले नाहीत.

क्रँकच्या दोन जाड पट्ट्यांना भोकं पाडून त्यांत पिन घट्ट बसवायची होती. भोक पिनेपेक्षा केसभर लहान हवं. पहिल्या पट्टीचं भोक केसभर मोठं झालं. पिन हातानंच आत गेली. मुदत जवळ आलेली. सुनीलभाऊ म्हणाले, “आप्पा, वेल्डिंग मारू. चालंल.”

“चालंल रं. पर हँडल मारताना मला ठावं असंल.”

आप्पांनी ती पट्टी बाजूला ठेवली, नवं लोखंड घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी दोन्ही पट्ट्यांची भोकं बरोबर आली. मग पिन सरूबाईंच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणात, आणि पट्ट्या त्यांच्या चुलीवर. लोखंड तापून भोकं फुलली, गार पिन आकसली, आणि आत घातल्यावर पट्ट्या निवल्या तशी ती अशी बसली की हातोड्यानंही हलेना. सरूबाईंचं त्या दिवशीचं कालवण तेवढं राहिलं.

इंजिन सुरू करायचा दिवस आला. मी खुर्ची टाकून बसले. आप्पांनी उजव्या हातानं हँडल धरलं आणि फिरवलं. चाकं फिरली, थांबली. पुन्हा फिरवलं. हात घसरला, हँडल सुटलं. सुनीलभाऊ पुढं आले.

“लांब हो,” आप्पा म्हणाले. “बोली म्हंजी बोली.”

त्यांनी तळहात धोतराला पुसला, जमिनीवरची माती चोळली आणि हँडलावर सगळा पंजा दाबून धरला, जसा पिठावर दाबतात तसा. या वेळी चाकांनी वेग घेतला. त्यांनी उघडी धरलेली झडप सोडली. इंजिन एकदा खोकलं, गप्प झालं, आणि मग पुक्‌... पुक्‌... पुक्‌. चौदा सुतांची पिन उघड्यावर फिरताना दिसत होती.

मी सुनीलभाऊंकडं बघितलं. ते म्हणाले, “हौदात पाणी कमी हाय,” आणि बादली घेऊन नळाकडं गेले. फ्लॅटचं नाव त्यानंतर निघालेलं नाही.

आप्पांना उदंड आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. माझं मागणं जरा वेगळं आहे. ते इंजिन एक दिवस खरोखर जुनं होईल. पाटी लावायला निघालेली ती हौशी मंडळी तेव्हा परत येतील. त्यांना चहा पाजून नाही म्हणायला आप्पा स्वतः शेडच्या दारात उभे असावेत, चहाची किटली उजव्या हातात असावी, आणि एक थेंब सांडू नये.

सोहळा शेडच्या अंगणातच आहे आणि जेवण सगळ्यांनी मिळून करायचं आहे. न्हावऱ्याकडच्यांनी वांग्याचं कालवण आणि कांदे पाठवावेत. दौंडकरांनी दही पाठवावं, पातळ नको. कुरकुंभला शिफ्टला असलेल्यांना यायला जमणार नसेल तर त्यांनी शेंगदाण्याची चटणी पाठवावी. भाकरी कुणी पाठवायची नाही. तुम्ही विसराल म्हणून परत सांगते, भाकरी पाठवायची नाही. त्या दिवशी भाकऱ्या आप्पा थापणार आहेत.