गणितातलं उत्तेजनार्थ

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी गणिताच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेले. स्पर्धा कॉलेजच्या विद्यार्थ्यांची, युरोपातल्या एका लहान शहरात. आमच्या कॉलेजचा छोटासा संघ होता आणि सोबत गणिताचे सर.

नवघरला आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान आहे. तिथल्या अंकलना बातमी कळली. "बेटा, सत्रह गुणा अड़तीस?" त्यांनी विचारलं.

"कॅल्क्युलेटर लगेगा, अंकल."

त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाकडे असं पाहिलं, जणू देशाचं आता काही खरं नाही.

बाबांनाही तीच काळजी. "पाढे एकदा बघून जा," म्हणाले.

"तिथे आकडे फारसे नसतात, बाबा."

"गणितात आकडे नाहीत?"

"अक्षरं असतात."

त्यांनी पेपर उघडला.

तिथे सकाळी प्रश्न हातात द्यायचे आणि दुपारपर्यंत हॉलमध्ये कोणी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मी पहिल्याच प्रश्नाकडे बघत बसले. शेजारची मुलगी पानामागून पान लिहीत होती. जेवणाच्या रांगेत ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली की तिने शेवटी सगळं खोडलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक प्रश्न मला सुटला. अख्खा. एका विशिष्ट प्रकारचं फंक्शन असूच शकत नाही, हे सिद्ध करायचं होतं. शेवटची ओळ लिहून मी मान वर केली. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण सगळे खाली बघत होते. मी पाणी प्यायले.

पेपर तपासून झाल्यावर संघाचे सर परीक्षकांशी मार्कांसाठी भांडू शकतात. माझ्या दुसऱ्या एका अर्धवट उत्तरासाठी आमचे सर तावातावाने आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"काय झालं, सर?"

"त्यांचं बरोबर आहे," सर म्हणाले. "चल, चहा घेऊ."

मला पदक मिळालं नाही, पण 'ऑनरेबल मेन्शन'चं प्रमाणपत्र मिळालं. ते बाबांनी नीट वाचलं आणि 'ऑनरेबल मेन्शन'ला मराठीत काय म्हणतात ते विचारलं. मी समजावलं.

"म्हणजे उत्तेजनार्थ," ते म्हणाले.

तोवर गल्लीतल्या मंडळाने फ्लेक्स लावला होता, 'गणितातील विश्वविजेती', सोबत माझा दहावीतला फोटो. बाबा संध्याकाळी त्याच्याखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "विजेती नाही, उत्तेजनार्थ." लोक म्हणायचे, किती साधा माणूस आहे. मी त्यांना घरी बोलवायला गेले, तर म्हणाले, "थांब, त्या बाजूच्यांना सांगायचं राहिलंय."

आईने मात्र स्पर्धेबद्दल बरेच दिवस काही विचारलं नाही. एकदा मेथी निवडताना म्हणाली, "तुझं ते गणित सुटलं ना, त्याचं उत्तर काय आलं?"

"उत्तर नव्हतं गं. अशी गोष्ट असूच शकत नाही, हे दाखवायचं होतं."

"एवढं विमानाने जाऊन?"

"हो."

"आणि दाखवलंस?"

"दाखवलं."

तिने मेथीची पुढची जुडी सोडली. "परत कोणी नाही ना म्हणणार, की असू शकते?"

"नाही. कधीच नाही."

"मग चांगलंय की," आई म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा मला जिंकल्यासारखं वाटलं.