दाढ बघायचं भिंग

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. दिवसभर समोरच्याच्या तोंडात कापूस, आरसा नाहीतर आमचं बोट असतं. त्याला बोलता येत नाही, त्यामुळे बोलायचं काम आमच्याकडे. आणि कापूस निघाल्यावर तो जे पहिलं वाक्य बोलतो, ते काही केल्या डोक्यातून जात नाही!

माझा दवाखाना परभणीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका टेलरच्या दुकानाच्या वर. तेव्हा गावात डिग्रीवाले डेंटिस्ट बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले आम्ही तिघं एकमेकांना धरून असायचो. डॉ. कोंडेवार वयानं आणि ऐटीनं सगळ्यांत मोठे. डॉ. सिद्दीकी कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढं, जिभेला धार. आणि तिसरा मी, साळवे, चुडाव्याच्या रेल्वे गँगमनचा मुलगा. माझ्या हाताखाली शकुंतलाबाई. औजारं उकळायची, कापूस द्यायचा आणि पेशंटला गप्प बसवायचं, ही त्यांची कामं. कधीकधी मलाही गप्प बसवायच्या.

हे सगळे किस्से एकाच वस्तूचे आहेत. डोळ्यांवर चढवायचं, दात मोठा करून दाखवणारं भिंग. पुस्तकात त्याला लूप म्हणतात. परभणीत कोणी लूप म्हणालं नाही.

*

सुरुवात माझ्याच नाचक्कीनं करतो.

पेडगावच्या शाळेतले एक मास्तर आले. खालची दाढ दुखायची. मी बघितली. कीड नाही, भोक नाही. "काही नाही मास्तर, हिरडी सुजलीय," म्हणालो आणि गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी परत आले. एक्स-रे काढला. त्यातही काही दिसलं नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, हे दुखणं आता मनातून काढून टाका!"

डॉक्टरला रोग सापडला नाही, की तो पेशंटच्या मनात असतो!

मास्तर शांतपणे म्हणाले, "मनातून मी काढतो. तोंडातून तेवढी तुमी काढा."

काढली. गॅलरीत उन्हात धरून बघितली, तरी मला काही दिसेना. चाळिशी लागली होती आणि मी ती कबूल करत नव्हतो. मास्तरांनी खिशातून एक साधं, मुठीचं भिंग काढलं आणि दाढेवर धरलं. वरपासून मुळापर्यंत केसासारखी चीर! पहिल्याच दिवशी दिसली असती, तर टोपी बसवून ती दाढ वाचवता आली असती.

मास्तरांनी कापूस दाबलेल्या तोंडानंच भिंग माझ्या हातात ठेवलं.

"तिसरीच्या पोरांना ह्यानं मुंगीचे पाय दाखवतो मी. तुमी ठेवा आता."

*

मग मी सिद्दीकीला म्हणालो, भिंग घ्यायचंच. बातमी कोंडेवार साहेबांपर्यंत पोचली. साळवे घेणार म्हटल्यावर त्यांना आधी घेणं भागच होतं!

भिंगं विकणारा एक एजंट आला. लॉजवर खोली घेऊन त्यानं पलंगावर मखमलीच्या डब्या मांडल्या. अडीच पट, चार पट, सहा पट. "जर्मन माल आहे सर, जर्मन!"

कोंडेवार साहेबांनी एक भिंग कपाळावर बांधलं आणि तडक भिंतीवरच्या आरशासमोर गेले. "कसं दिसतंय?" म्हणाले. आम्हाला वाटलं, भिंगातून कसं दिसतं ते विचारताहेत. तसं नव्हतं. भिंग घालून ते स्वतः कसे दिसतात, हे विचारत होते!

सिद्दीकीनं मात्र एक भिंग डोळ्यांवर घेतलं, दुसरं हातात घेतलं आणि त्याच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचायला लागला. जर्मनीच्या स्पेलिंगमध्ये मधलं एक अक्षर चुकलेलं होतं!

एजंटच्या कपाळावर घाम. सिद्दीकीनं भिंग अलगद डबीत ठेवलं.

"भाई, माल अच्छा है. झूठ एकदम साफ दिखता है!"

आम्ही दोघं उठलो. कोंडेवार साहेब बसून राहिले. एजंटनं माणूस ओळखला होता. तो हळूच म्हणाला, "सर, सहा पट अजून मराठवाड्यात कोणाकडंच नाही."

झालं! सहा पट घेतलं.

*

सहा पट भिंगात दाढ डोंगराएवढी दिसते. पण एकच दिसते, तीही अर्धीच. मान सुपारीएवढी जरी हलली, तरी डोंगर जाऊन शेजारचा डोंगर येतो. ही गोष्ट घेण्याआधी समजून घ्यायची असते. कोंडेवार साहेब फक्त आकडा बघणारे.

तहसील कचेरीतला एक कारकून त्यांच्याकडे दाढ भरायला गेला. साहेबांनी तासभर खपून दाढ कोरली, भरली, घासून गुळगुळीत केली. कापूस काढला. कारकुनानं जीभ फिरवली.

"सायेब, भोक हितंच हाय की! ही कोणती भरली?"

शेजारची भरली होती. चांगली, धडधाकट दाढ! पण कोंडेवार साहेब चुकलो म्हणतील तर ते कोंडेवार कसले?

"तिलाही पुढं कीड लागणारच होती," ते म्हणाले. "आपण आधीच बंदोबस्त केला."

कारकून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. गाल धरून म्हणाला, "डॉक्टर, आमी शेजारच्याच्या सातबाऱ्यावर असं नाव चढवलं, तर सस्पेंड करतेत हो!"

*

त्याच आठवड्यात कोंडेवार साहेबांच्या दारावर नवा बोर्ड लागला. त्यांनी पेंटरला मजकूर दिला होता, "जिल्ह्यात प्रथमच! दुर्बिणीने दात पाहिले जातील." पेंटरला घाई असावी. त्यानं रंगवलं, "दुर्बिणीने दात काढले जातील."

सिद्दीकी म्हणाला, आता उतरवतील. पण तिसऱ्या दिवसापासून दवाखान्यात गर्दी! हात न लावता, लांबून दुर्बीण मारली की दात आपोआप गळून पडतो, अशी बातमी खेड्यापाड्यांत पसरली होती. साहेबांनी बोर्डाला हात लावला नाही.

महिन्याभरात एक बाई त्यांच्या दवाखान्यातून रडत, गाल दाबत बाहेर आली. बोर्डासमोर थांबली, वर बघितलं आणि रांगेतल्या लोकांना म्हणाली, "दुर्बीण भिताडाला टांगलीय. पक्कडच घालायलाय मेला!"

*

आता दुसऱ्यांना एवढं हसलो, तर माझंही ऐका.

अस्सल भिंग मिळेपर्यंत काहीतरी जुगाड करावा म्हणून मी बशीरभाई घड्याळवाल्यांकडे गेलो. ते डोळ्यांत एक काळं, नळीसारखं भिंग अडकवून काम करायचे. दोन दिवस द्या म्हणालो. शकुंतलाबाई सोबत होत्या.

बशीरभाईंनी भिंग दिलं, पण म्हणाले, "ले जाओ डॉक्टरसाब. लेकिन एक बात, घडी चिल्लाती नहीं!"

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

शकुंतलाबाईंच्या स्वतःच्या एका दाताला भोक होतं. "माझ्यावरच करून बघा आधी," म्हणाल्या. मी एका डोळ्यात भिंग अडकवलं, दुसरा मिटला आणि मशीन सुरू केलं. दात झकास दिसत होता. पण एका डोळ्यानं खोली कळत नाही, हे मला डिग्री घेऊन कळलं नव्हतं. दात अजून लांब आहे असं वाटलं आणि सुई थेट हिरडीत!

बाई केवढ्यानं ओरडल्या! खालून टेलर धावत वर आला.

रक्त थांबल्यावर त्यांनी कापूस काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जावा, बशीरभाईंना सांगा. घड्याळ ओरडलं!"

*

शेवटी सिद्दीकीनं मार्ग काढला. त्याचा मेहुणा जेद्दाहला होता. सुट्टीवर येताना तो भिंग आणणार होता. "पण पट-बिट नंतर," सिद्दीकी म्हणाला. "आधी माप काढ. तू बसतोस कसा, वाकतोस किती, तुझ्या डोळ्यापासून दाढ किती लांब, ते. त्या मापाचं भिंग नसेल, तर वाकून वाकून तुझी मान जाईल, मियाँ."

टेप हवा होता. शकुंतलाबाई खाली टेलरकडे गेल्या.

"कशाचं माप घ्यायलाव?" टेलरनं विचारलं.

"डॉक्टरांच्या डोळ्यापासून पेशंटच्या दाढेपर्यंतचं."

टेलरनं टेप दिला. बराच वेळ विचार केला आणि जिन्यातून वर ओरडला, "बाई, पण शिवायचंय काय?"

*

भिंग आलं. अडीच पट, हलकं, दोन्ही डोळ्यांना. पहिल्यांदा घातलं आणि मला माझीच जुनी कामं दिसली. पाच वर्षांपूर्वी मी भरलेल्या दाढांच्या उघड्या पडलेल्या कडा! ज्यांच्या तोंडात ती कामं होती, त्यांना मी त्या महिन्यात एकेक करून बोलावून घेतलं आणि गुपचूप दुरुस्त केली. शकुंतलाबाईंनी त्या महिन्याच्या कापसाचा हिशेब वेगळा मांडून ठेवला!

कोंडेवार साहेब भिंग बघायला आले. हातात घेऊन म्हणाले, "अडीचच पट? एवढ्यासाठी जेद्दाह?"

खुर्चीत पोखर्णीचा एक म्हातारा बसला होता. जन्मभर बैलांचे व्यवहार केलेला. तो आमच्याकडे बघत होता.

"हे शिकायला किती वर्सं लागतेत?"

"पाच," साहेब म्हणाले.

"आमी बाजारात बैलाचं थोबाड उघडतो अन् उभ्या उभ्या वय सांगतो, चार दाती का सहा दाती. भिंग न्हाई, काय न्हाई."

साहेब हसले. "बाबा, बैलाचे दात केवढे मोठे असतात!"

"तसं न्हाई सायेब," म्हातारा म्हणाला. "बैल लाथ मारतो. म्हून आमी नीट बघतो."

*

आणि हा एक. मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत पुन्हा डोकी तापली होती, तेव्हाचा.

शुक्रवारची दुपार होती. गोदाकाठच्या एका गावचे मोठे जमीनदार जीपमधून आले. त्यांना सगळेच मालक म्हणायचे. गाल एवढा सुजलेला, की एक डोळा मिटला होता. त्यांचे नेहमीचे डॉक्टर म्हणजे कोंडेवार, ते तिरुपतीला गेलेले. सिद्दीकी नमाजाला, त्याच्या दवाखान्याला कुलूप. उरलो मी.

मालक खुर्चीत बसले. मी तोंडाला मास्क बांधून, भिंग चढवून पुढं आलो. त्यांनी हात आडवा केला.

"डॉक्टर, आडनाव काय म्हणले तुमचं?"

आडनाव खाली बोर्डावर होतं. वाचूनच जिना चढले असणार.

"साळवे."

"गाव?"

"चुडावा."

मालक उठले. धोतर सावरत दारापर्यंत गेले. तिथं दाढेनं कळ मारली. चौकट धरून उभे राहिले. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं, जाऊ दे. माझ्या बापाला यांच्यासारख्यांच्या ओसरीवर कधी चढता आलं नाही. पण मघाशी खुर्चीपाशी मी भिंगातून बघितलं होतं. सूज जबड्याखालून गळ्याकडे उतरायला लागली होती.

"मालक," मी म्हणालो, "बसा. सूज गळ्यात उतरायलीय. नांदेडच्या दवाखान्यात पोचेस्तोवर श्वास कोंडंल."

ते परत फिरले, बसले. माझ्या कपाळावरच्या भिंगाकडे बोट केलं.

"ह्यानं लांबून दिसतं म्हणं?"

"दिसतं."

"मग लांबूनच बघा."

"बघतो की लांबून. पण आतला पू काढायचाय. हात घालावा लागंल."

मालक विचारात पडले. गाल ठणकत होता. बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघता शकुंतलाबाईंना विचारलं,

"हातमोजे हायत ना?"

शकुंतलाबाईंनी हातमोजे माझ्यापुढं धरले.

"हायत की, मालक. डॉक्टरांना तुमचं काय लागू नये, म्हून!"

मालकांनी तोंड उघडलं.